बरडातली द्राक्षं

मामाजींच्या नावावर चौदा एकर. त्यातलं साडेतीन एकर बरड. वर वीतभर मुरमाड माती, खाली कच्चा खडक. सोयाबीन पेरलं आणि पावसानं आठ दिवस ओढ दिली की ते माना टाकतं. तूर कमरेच्या वर जात नाही. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा हा तुकडा कुणालाच नको होता, म्हणून तो काळ्या वावरासोबत आमच्या गळ्यात आला. 2017 च्या फेब्रुवारीत मी त्या बरडात जेसीबी लावून चर खणायला घेतले, तेव्हा मामाजी बांधावर उभे राहून एवढंच बोलले, "काळं वावर सोडून या दगडात काऊन पैसा गाडून रायली, सूनबाई?"

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर, सिंदखेडराजाकडून मेहकरकडे येताना आत. माझं माहेर जालन्याचं, कडवंचीच्या बाजूचं. ज्यांना कडवंची माहीत आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही: शेततळी आणि द्राक्षं. कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये मी बागेतच असायचे. थॉमसनचे, म्हणजे खायच्या द्राक्षाचे, घड जीएच्या (मणी फुगवणारं संजीवक) पाण्यात बुडवणं, विरळणी करणं, मणी किती मिलिमीटर झाला ते मोजणं, हे हातात बसलेलं होतं. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं. लग्न होऊन इथं आले तर घरात कापूस, सोयाबीन, हरभरा, आणि दर आषाढात वारी. मामाजी माळकरी. घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद.

अशा घरात वाइनचा विषय काढायला मला तीन वर्षं लागली. आधी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, खायची द्राक्षं लाव ना, तुला येतात. त्याचं बरोबर होतं, पण खायच्या द्राक्षाला लागणारं पाणी आमच्याकडे नव्हतं, आणि लांबवर माल पाठवायची साखळीही नव्हती. वाइनच्या द्राक्षाला कमी पाणी आणि हलकी जमीन चालते, नव्हे तशीच लागते, हे मला पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रातल्या एका प्रशिक्षणात कळलं होतं. ते बरड तेव्हापासून डोक्यात बसलं होतं. नवऱ्यानं मग दुसरा मुद्दा काढला. 2009-10 च्या मंदीत नाशिककडच्या कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षं कुऱ्हाड लावून काढून टाकली होती, कारण कंपन्यांनी माल उचलला नाही. मी म्हटलं, म्हणून तर आपली वाइन आपणच करायची. आज विचार केला तर हे उत्तर किती अर्धवट होतं ते समजतं. माल न उचलला जाण्याचा प्रश्न त्यानं सुटला नाही, फक्त द्राक्षाऐवजी बाटली पडून राहते.

लागवड केली दोन एकर. एक एकर शिराझ, लाल वाइनचं, आणि एक एकर शेनिन ब्लांक, पांढरीचं. फेब्रुवारीत डॉगरिज जातीचे खुंट लावले, सप्टेंबरात त्यावर या वाइनच्या जातींच्या काड्या भरल्या, पाचर कलम. कलम करणारी टोळी माहेराहून आणली. इथल्या मजुरांना कलम म्हणजे संत्र्याचं माहीत. अंतर आठ बाय चार फूट, म्हणजे एकरी साधारण तेराशे साठ वेली. मामाजींनी गणित केलं आणि विचारलं, एका वेलीला किती माल? मी म्हटलं, अडीच किलो. ते हसले. माझ्या वडिलांच्या बागेत त्यांनी स्वतः एका वेलीवर दहा-बारा किलो माल लोंबताना पाहिला होता.

मला सगळ्यात जास्त त्रास त्या अडीच किलोनं दिला. कुणाला खरं वाटणार नाही, पण वाइनचं द्राक्ष पिकवणं म्हणजे खायच्या द्राक्षाबद्दल शिकलेलं एकेक विसरणं. तिथं मणी फुगवायचा, इथं लहान ठेवायचा, कारण रंग आणि चव सालीत असते आणि मणी जितका लहान तितकी रसाच्या मानानं साल जास्त. तिथं जीए, इथं जीएचं नाव नाही. तिथं मणी फुगायला पाणी वाढवायचं, इथं मणी रंगायला लागले की ठिबक निम्म्यावर आणायचं. पहिल्या वर्षी माहेरची टोळी फळछाटणीला आली, त्यांनी फुटी काढताना मला न विचारता प्रत्येक वेलीवर तीस-तीस घड ठेवले. त्यांच्या मते ते माझ्यावर उपकार करत होते. मी पंधरा ठेवून बाकीचे कापायला लावले. मुकादम कात्री खाली ठेवून म्हणाला, "ताई, कोवळं बाळ मारल्यासारखं वाटतंय." मी काही बोलले नाही. मलाही तसंच वाटत होतं.

छाटणीचं वेळापत्रक मात्र सगळ्या महाराष्ट्रात एकच. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, डोळ्यांनी दिसत नाही पण तेव्हाच ठरतं. म्हणजे पीक फेब्रुवारीचं, पण त्याचा निकाल आदल्या मे महिन्यात. आणि विदर्भातला मे! घाटावर असल्यामुळे आम्ही अकोल्यापेक्षा जरा बरे, तरी कोवळी फूट दुपारी करपते. पाणी सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच विहिरीला सगळ्यात कमी असतं. 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून आम्ही तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल तळं घेतलं, वर पदरचे पैसे घालून प्लास्टिकचं अस्तर टाकलं. ते बावीसेक लाख लिटर पाणी नसतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

रोगांचं फार सांगत नाही. भुरी, डाऊनी, मिलीबग, सगळं आहे, बोर्डो मिश्रण आहे, गंधक आहे. आमच्याकडची खरी कीड म्हणजे रोही, नीलगाय. नाशिकच्या पुस्तकांत तिचा उल्लेख नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आठ-दहा पानांची कोवळी फूट आली की रात्री सात-आठ रोही येतात आणि ओळीच्या ओळी शेंड्यांसकट साफ करतात. सौर कुंपण केलं, एका नरानं ते उडी मारून पार केलं. शेवटी जुन्या साड्या बांधल्या, कुत्रा पाळला, नवऱ्यानं दोन महिने मचाणावर झोप काढली. यातलं नक्की कशानं फरक पडला ते आजही ठरवता येत नाही.

2019 ची पहिली जुजबी तोडणी नाशिककडच्या एका वाइनरीला विकली. परवाना नव्हता, घरी करता येत नव्हतं. संध्याकाळी क्रेट भरले, रात्रभर पिकअप चालली, सकाळी तिथं पोचलो तर खालच्या क्रेटमधून रस गळत होता आणि त्यावर माश्या. त्यांनी वजनात कापलं, साखरेत कापलं. परतीच्या डिझेलचे पैसे सुटले. नवरा गाडीत एक शब्द बोलला नाही. सिन्नरला चहा प्यायला थांबलो तेव्हा म्हणाला, "परवान्याची फाइल करू." समृद्धी महामार्ग तेव्हा झालेला नव्हता. आता तो गावाजवळून जातो, पण आता माल पाठवायचा नाही.

परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाचा आणि तो मिळतो तो 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली. म्हणजे दारू करायची परवानगी दारूबंदीच्या कायद्यातून. मामाजींना हे सांगितलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा या सगळ्या प्रकरणात थोडी गंमत वाटली. कागद किती लागले ते सांगत बसले तर लेख तिथंच संपेल. जमीन अकृषिक करणं, प्रदूषण मंडळाची संमती, अन्न परवाना, अग्निशमन, इमारतीचा नकाशा, त्यात कोणती टाकी कुठं ठेवणार तेही. एका कार्यालयात आमची फाइल चार महिने 'वर' होती. चौकशी केली तर 'वर' म्हणजे शब्दशः कपाटाच्या वर होती.

ग्रामसभेचं मात्र सांगायलाच हवं. 2019 ची 2 ऑक्टोबरची ग्रामसभा. गांधी जयंती, राज्यभर ड्राय डे, आणि आमचा विषय वाइनरीला ना-हरकत. तारीख आम्ही निवडली नव्हती. नेहमी पंधरा-वीस माणसं असतात, त्या दिवशी शाळेचं पटांगण भरलं. बायका पुढं बसल्या होत्या. आमच्या भागात 'उभी बाटली, आडवी बाटली' सगळ्या बायकांना माहीत आहे. गावात मतदान घेऊन निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. विदर्भातल्याच वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, तिकडे गडचिरोलीत दारूबंदी, चंद्रपुरात तेव्हा होती. आणि इथं एक सून उभी राहून म्हणते, मला गावात दारूचा कारखाना काढायचाय.

मी द्राक्षाची माहिती सांगायला लागले. एक म्हातारी, कापूस वेचायला आमच्याकडे येणारी, मधेच उठली. "ते ऱ्हाऊ दे बाई. त्यात टाकते काय ते सांग. नवसागर टाकते का?" नवसागर गावठी दारूत घालतात. सभा हसली, पण तिला हसू नव्हतं. तिच्या घरात काय झालं ते गावाला माहीत होतं. मी म्हटलं, तसलं काही टाकत नाही, द्राक्षाचा रस आणि खमीर. तिनं विचारलं, मग चढते कशी? साखरेचं अल्कोहोल होतं, म्हटलं. "म्हंजे चढते," ती म्हणाली आणि खाली बसली. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. वाइन म्हणजे दारू नाही असं म्हणणारे लोक मला खोटे वाटतात. बारा-तेरा टक्के अल्कोहोल आहे त्यात.

ठराव झाला तो एका अटीवर. गावात एकही बाटली विकायची नाही. ही अट मामाजींनी स्वतः मांडली. माळ घातलेला माणूस उभा राहिला म्हणून बाया शांत बसल्या असं लोक म्हणतात. मला वाटतं, अट खरी होती म्हणून बसल्या. ती आम्ही आजवर पाळली आहे. गावच्या पत्त्यावरचा माणूस आला तर चव खोलीतून त्याला रिकाम्या हातानं परत पाठवतो, त्यात माझा सख्खा दीरही आला.

मग करोना. फाइल पुन्हा झोपली. परवाना हातात पडला 2022 च्या जानेवारीत, आणि त्याच आठवड्यात, 27 तारखेला, मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय जाहीर केला. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, टीव्हीवर दिवसभर तेच. ज्यांना आमच्या वाइनरीचा विसर पडला होता त्या सगळ्यांना आठवण झाली. तो निर्णय पुढं अमलात आलाच नाही. आमच्या चार-सहा हजार बाटल्यांना सुपरमार्केटनं दारात उभं केलं असतं असंही नाही. पण शिव्या आम्ही आमच्या वाट्याच्या खाल्ल्या.

तोवर शेडमध्ये शेनिन यायची वेळ झाली होती. तोडायचं कधी, हा सगळ्यात अवघड प्रश्न. खायच्या द्राक्षाला रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे साखर मोजायच्या मीटरवर, अठरा आलं की कात्री. वाइनला बावीस ते चोवीस ब्रिक्स, म्हणजे रसात साधारण शेकडा तेवढी साखर. साधारण 17 ग्रॅम साखरेतून लिटरमागे एक टक्का अल्कोहोल तयार होतं, त्यामुळे साखर कमी पडून चालत नाही. पण आपल्याकडे साखर हा प्रश्नच नसतो, ऊन भरपूर. प्रश्न आंबटपणाचा. फेब्रुवारीत रात्री उबदार व्हायला लागल्या की मण्यातलं आम्ल रोज उतरतं. साखर पुढं पळते, आम्ल मागं सरतं, आणि बी या दोघांच्या कितीतरी मागं रेंगाळते.

बीचं मला मामाजींनी दाखवलं. ते बागेत यायचे, शेडमध्ये नाही. शेडच्या उंबऱ्याशी चपला काढून बाहेर उभे राहायचे. बागेत ते एक मणी तोडायचे, रस थुंकून टाकायचे आणि बी दाढेखाली धरायचे. हरभरा काढणीला आला का ते ते असंच बघतात, तुरीचंही. "हे अजून ओलं हाये. दाताले चिकटते. हरभरा वाळला म्हंजे कसा कट् वाजते, तसं वाजलं पायजे." मी बी हातावर घेऊन पाहिली, हिरवट होती. पुस्तकात हेच लिहिलंय, बी तपकिरी झाली की तिचा तुरटपणा बसतो. मला इतकं भारी वाटलं की मी मीटर बाजूला ठेवून शेनिनसाठी त्यांचं ऐकलं आणि पाच दिवस थांबले.

चूक माझी. शेनिन पांढरी वाइन. तिचे मणी दाबून रस लगेच वेगळा काढतात, बी त्यात मुरतच नाही. बी पिकण्याची वाट पाहण्यात काही अर्थ नव्हता. पाच दिवसांत आम्ल इतकं उतरलं की टार्टारिक आम्ल घालूनही ती वाइन पाणीदार वरणासारखी सपाट लागली. तेव्हापासून आमचा नियम: पांढरीला मीटर, लालला दात. शिराझ सालीबियांसकट आंबवतात, तिथं कच्ची बी घशाला कापते. शिराझची तारीख आजही मामाजी ठरवतात. ज्याची तारीख ठरवतात तिचा थेंबही त्यांनी कधी घेतलेला नाही.

शिराझ तोडायला कापूस वेचणाऱ्या बायाच आल्या. नवसागरवाली म्हातारीही होती. पहाटे पाचला बॅटरीच्या उजेडात सुरुवात, नऊच्या आत बंद, कारण मणी तापला की क्रेटमध्येच आंबायला लागतो. वेचणीची बोटं किती तयार असतात ते तेव्हा दिसलं. कापसातली कवडी जशी न पाहता बाजूला टाकतात तसे सडके, सुकलेले मणी त्या घड हातात फिरवता फिरवता काढून टाकत होत्या. माहेरची टोळी त्यांच्या निम्म्या वेगानं चालली असती आणि पैसे दीडपट घेतले असते.

हजार-हजार लिटरच्या दोन उघड्या टाक्या भरल्या. देठ काढून मणी फुटले, नको ते जंतू रोखायला थोडं सल्फाइट, दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात भिजवलेलं खमीर. चोवीस तासांत साली वर येऊन जाड थर धरतो, त्याला आम्ही साय म्हणतो. ती दिवसातून तीनदा लाकडी दांड्यानं खाली दाबावी लागते, नाहीतर वर तापते आणि रंग उतरत नाही. दाबताना जो वास येतो तो जांभळं, ओली माती आणि मिरी यांच्या मधला काहीतरी असतो. मान टाकीत घालायची नाही, कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, चक्कर येऊन माणूस आत पडू शकतो. दार उघडं ठेवूनच काम.

चौथ्या दिवशी, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी वादळ आलं. गारा नव्हत्या, देवाची कृपा. 2014 ची गारपीट ज्यांनी पाहिली ते अजून फेब्रुवारीत आभाळाकडे बघून बोलतात. पण सात वाजता लाईट गेली. खांब पडला होता. जनरेटर होता, पण तो दिवे आणि पंप चालवायचा, चिलरचा कॉम्प्रेसर त्याला उचलेना. आंबणं जोरात होतं आणि आंबण्याची उष्णता तर थांबत नाही. नऊ वाजता थर्मामीटर 29, अकराला 31. पस्तिसाच्या वर खमीर मरायला लागतं, साखर अर्धवट राहते, आणि अर्धवट गोड गरम रस म्हणजे व्हिनेगरच्या जीवाणूंना पंगत.

नवरा मोटरसायकलवर देऊळगाव राजाकडे बर्फाच्या लाद्या आणायला गेला. मी टाक्यांभोवती ओली पोती गुंडाळत होते. तेवढ्यात पायरव झाला. मामाजी. माळ सदऱ्याच्या आत घातलेली, दोन्ही हातांत दुधाचे चाळीस लिटरचे कॅन. "याच्यात बर्फ घालून झाकण लावून सोड. रस पातळ नाई होणार." उंबरा ओलांडून ते आत आले होते. मला ते तेव्हा लक्षातही आलं नाही, मी कॅन सल्फाइटच्या पाण्यानं धुवायला घेतले. एक वाजता बर्फ आला, पोत्यात घालून मुसळानं फोडला, कॅन भरले, दोरीनं टाकीत सोडले. एक टाकी पाऊण तासात 32 वरून 27 वर आली. दुसरीकडे वळेपर्यंत तिथं 35 झाले होते. सासूबाईंनी तीनदा चहा केला. पहाटे लाईट आली तेव्हा आमचे कपडे गुडघ्यापर्यंत जांभळे झाले होते. मामाजी विहिरीवर आंघोळ करून थेट देवळात गेले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उंबऱ्याच्या बाहेर.

पहिली टाकी व्यवस्थित संपली. दुसरी अडकली. हायड्रोमीटर 1.006 वर येऊन बसला, म्हणजे साखर अजून शिल्लक, तो हलेना. नवीन खमीर थोड्या रसात सवय करून घालावं लागलं, नऊ दिवस गेले. शेवटी साखर गेली, पण वासात कायम काहीतरी शिजवलेलं राहिलं, जांभळाच्या जॅमसारखं. ती नऊशेच्या आसपास बाटल्या वेगळी भरून स्वस्तात दिली. गंमत म्हणजे अजून काही गिऱ्हाइकं तीच मागतात. मी त्यांना सांगते, ती पुन्हा होणार नाही, झाली तर माझं दिवाळं वाजेल.

पुढची कामं रटाळ आणि लांब. दाबणं, गाळ खाली बसू देणं, वरचं नितळ दुसऱ्या टाकीत घेणं, पुन्हा वाट पाहणं. एक फजिती सांगते. पहिल्या शेनिनच्या बाटल्या एका परमिट रूमवाल्यानं परत आणल्या. "मॅडम, आत काच आहे." बघते तर तळाला चमकणारे खडे. टार्टारिकचे स्फटिक ते, फ्रीजमध्ये ठेवल्यावर बसतात, खाल्ले तरी काही होत नाही. बाटली भरण्याआधी वाइन काही दिवस गोठणबिंदूजवळ ठेवली की टाकीतच बसतात, पण आमच्या छोट्या चिलरला ते झेपलं नव्हतं. मी त्याच्यासमोर एक खडा दातानं फोडून खाल्ला. त्याला पटलं. पण त्याच्या गिऱ्हाइकासमोर प्रत्येक वेळी खडे कोण खाणार? बाटल्या परत घेतल्या.

विक्रीचं उघड सांगते. एका बाटलीत सव्वा किलोच्या आसपास द्राक्ष जातं, त्याचा आमचा खर्च पन्नास-पंचावन्न. काच, बूच, लेबल, खोका मिळून पंचाहत्तर. म्हणजे आतल्यापेक्षा बाहेरचं महाग. काचेवर जीएसटी भरायचा, दारू जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे तो परत मिळत नाही. दोन एकरांतून सात टनांच्या आसपास माल, त्यातून साडेचार हजार लिटर, सहा हजार बाटल्या. ऐकायला खूप वाटतात. विदर्भात मे महिन्यात लोकांना थंड बियर हवी असते, लाल वाइन नाही. आणि पत्र्याच्या दुकानात 42 अंशांत उभी ठेवलेली बाटली महिन्याभरात शिजते, मग चव बिघडली म्हणून नाव आमचं. आता फ्रीज किंवा एसी नसलेल्या दुकानाला आम्ही माल देतच नाही. त्यामुळे दुकानं राहिली सात.

बरंचसं वाइनरीवरच जातं. लोणारला सरोवर बघायला येणारे, नागपूर-मुंबई करणारे. चव खोली महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत नसावी हे बघूनच बांधली होती. एकवीस वर्षांखालच्याला चव नाही, आणि गाडी चालवणाऱ्याला चमचाभरच, तेही थुंकायला भांडं देऊन. लोक हसतात. नागपूरचे एक काका रागावूनही गेले. जाऊ देत.

तीन हंगाम पदरचे गेले. चौथ्यात खर्च निघाला. कर्ज अजून आहे. काळ्या वावरातल्या सोयाबीननं या बरडातल्या द्राक्षाला पोसलं, हे मामाजी बरोबर बोलतात, आणि पाहुण्यांसमोर बोलतात.

यंदा शिराझची बी मामाजींनी परवा चावून बघितली. अजून चिकटते म्हणाले, चार दिवस थांब. आभाळ येतंय म्हणून माझा जीव खालीवर, पण शिराझ त्यांची. तेवढ्या चार दिवसांत 31 मार्चच्या आधी भरायच्या नूतनीकरणाचे कागद लावायचेत, लेबलांची मंजुरीही त्यात आहे. आणि क्रेट धुवायचे आहेत, दीडशे.